जीनोम वाचून झाल्यावरही उंदरांत जनुकाची जागा का शोधावी लागते?

जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उंदराच्या संपूर्ण जीनोमचा मसुदा २००२ साली प्रसिद्ध झाला, क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने हवे ते जनुक काही आठवड्यांत बंद करता येते, मग संकर घडवून, शेकडो पिल्ले वाढवून, प्रत्येकाचा डीएनए तपासून जनुकाची जागा शोधण्याचा खटाटोप आता कशासाठी करायचा, आणि इतक्या वर्षांच्या या खटाटोपातून रुग्णांच्या पदरात नेमके काय पडले?

क्रिस्पर आणि जनुकीय मॅपिंग (संकरांतून जनुकाची जागा शोधणे) ही दोन्ही साधने एकाच कामाची नाहीत, त्यांच्या प्रश्नांची दिशाच उलट आहे. क्रिस्पर वापरणारा संशोधक आधी जनुक निवडतो आणि ते बिघडवले तर काय होते ते पाहतो. म्हणजे कोणते जनुक पाहण्यासारखे आहे याची काही ना काही कल्पना त्याला आधीच असावी लागते. मॅपिंग करणाऱ्याच्या हातात सुरुवातीला फक्त लक्षण असते. एक उंदीर लठ्ठ होतो आणि त्याचा सख्खा भाऊ होत नाही, एक स्ट्रेन (प्रयोगशाळेत जोपासलेला उंदरांचा वंश) क्षयाला बळी पडते आणि दुसरी टिकते, एवढेच त्याला माहीत असते, आणि या फरकाचे मूळ गुणसूत्रांवर कुठे आहे हे कोणतेही अनुमान मनात न धरता त्याला विचारायचे असते. जीनोमचा क्रम हाती असल्याने हा प्रश्न सुटत नाही, कारण ‘ब्लॅक सिक्स’ या नावाने प्रयोगशाळांत ओळखली जाणारी सी५७ब्लॅक/६जे स्ट्रेन आणि डीबीए/२जे ही स्ट्रेन यांच्या डीएनएमध्ये एकेका अक्षराचे चाळीस लाखांहून अधिक फरक आहेत. त्यांतला कोणता फरक आपल्या लक्षणाला कारणीभूत आहे हे क्रमाकडे कितीही वेळ पाहून कळणार नाही. ते फक्त वंशपरंपरा सांगू शकते.

ती कशी सांगते, याचे तत्त्व जुने आहे. अर्धसूत्री विभाजनात जोडीतल्या दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, आणि दोन जनुके एकमेकांच्या जितकी जवळ असतील तितकी त्यांच्यामध्ये नेमका असा छेद पडण्याची शक्यता कमी असते. म्हणून ती बहुतेक वेळा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. यालाच सहलग्नता म्हणतात. सस्तन प्राण्यांतली सहलग्नता प्रथम दाखवली गेली ती उंदरातच, १९१५ साली. पांढऱ्या कातडीचे म्हणजे वर्णहीनतेचे जनुक आणि गुलाबी डोळ्यांचे जनुक एकत्र प्रवास करतात हे दाखवणाऱ्या त्या लेखाचे कर्ते होते जे. बी. एस. हाल्डेन, त्यांची बहीण नेओमी आणि त्यांचे सहकारी ए. डी. स्प्रंट. ही दोन्ही जनुके आज आपण उंदराच्या सातव्या गुणसूत्रावर दाखवतो. (हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले, आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव जीवसृष्टीच्या उत्पत्तीच्या धड्यात येते, उंदरांच्या संदर्भात मात्र कुणी घेत नाही.)

या तत्त्वाचा उपयोग करायचा तर आई-बापांच्या जनुकांविषयी संदिग्धता असून चालत नाही, आणि इथेच इनब्रेड स्ट्रेनचे महत्त्व येते. सख्ख्या भावंडांचा संकर सलग वीस पिढ्या केला की जवळजवळ ९८.६ टक्के जनुकस्थाने समयुग्मी होतात, म्हणजे तिथल्या दोन्ही प्रती सारख्या होतात, आणि त्या स्ट्रेनमधला कोणताही उंदीर जनुकांच्या दृष्टीने दुसऱ्याची प्रत ठरतो. क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ साली डीबीए ही पहिली अशी स्ट्रेन सुरू केली, ब्लॅक सिक्सचा वंश १९२१ सालच्या त्यांच्याच संकरांतून आला, आणि १९२९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन लॅबोरेटरी स्थापन केली. या उंदरांचा बराचसा मूळ साठा अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाईंकडून आला होता. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात त्या शौकिनांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत असत.

आता प्रत्यक्ष काम. समजा, ब्लॅक सिक्स स्ट्रेनमध्ये अचानक चालताना तोल जाणारी पिल्ले जन्मू लागली आणि हा दोष अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसणारा, आहे असे आढळले. अशा दोषयुक्त उंदराचा संकर आपण कॅस्टेनियस या दूरच्या उपजातीच्या स्ट्रेनशी करतो. पहिल्या पिढीतील सगळी पिल्ले सारखीच आणि निरोगी असतात. त्यांचा पुन्हा दोषयुक्त ब्लॅक सिक्सशी बॅकक्रॉस, म्हणजे उलटा संकर, केला की निम्मी पिल्ले तोल जाणारी निघतात. या पिल्लांपैकी प्रत्येक पिल्लू म्हणजे पहिल्या पिढीच्या जनकात झालेल्या एका अर्धसूत्री विभाजनाची नोंद असते. पिल्लाच्या शेपटीचे टोक किंवा कानाचा अगदी लहान तुकडा घ्यायचा, त्यातून डीएनए काढायचा, आणि एखाद्या मायक्रोसॅटेलाइट मार्करसाठी (मार्कर म्हणजे गुणसूत्रावरची ओळखीची खूण) पीसीआर करून, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, चार टक्के अ‍ॅगारोजच्या जेलवर चालवायचा. मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन-तीन अक्षरांची अनेकदा पुनरावृत्ती झालेली जागा. ही पुनरावृत्ती दोन स्ट्रेनमध्ये कमी-जास्त असल्याने तुकड्यांची लांबी वेगळी येते. जेलवर एकच पट्टी दिसली तर पिल्लू त्या जागी ब्लॅक सिक्सचे समयुग्मी आहे, दोन पट्ट्या दिसल्या तर विषमयुग्मी, म्हणजे दोन प्रती वेगळ्या. दोषाचे जनुक ज्या गुणसूत्रावर नाही तिथल्या मार्करला तोल जाणाऱ्या पिल्लांत एक पट्टी आणि दोन पट्ट्या यांचे प्रमाण निम्मे-निम्मे येते. योग्य गुणसूत्रावर आलात की चित्र एकदम बदलते: तोल जाणारी जवळजवळ सगळी पिल्ले एका पट्टीची आणि निरोगी जवळजवळ सगळी दोन पट्ट्यांची.

खरे काम या ‘जवळजवळ’मध्ये आहे. एखादे पिल्लू तोल जाणारे आहे, पण त्याच्या रकान्यात दोन पट्ट्या आहेत, याचा अर्थ मार्कर आणि दोषाचे जनुक यांच्यामध्ये त्या पिल्लात छेद पडला आहे. मग त्या पिल्लाचे त्याच गुणसूत्रावरचे शेजारचे मार्कर क्रमाने तपासायचे, छेद नेमका कोणत्या दोन मार्करांमध्ये आहे ते ठरवायचे, आणि जनुक त्याच्या पलीकडे आहे अशी एक सीमा आखायची. दुसऱ्या बाजूने असेच एक पिल्लू मिळाले की दुसरी सीमा मिळते. शंभर पिल्लांमध्ये असे एक पिल्लू निघाले तर अंतर एक सेंटीमॉर्गन. उंदराच्या बाबतीत एक सेंटीमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने वीस लाख बेसजोड्या आणि पंधरा-वीस जनुके, त्यामुळे शंभर पिल्लांवर थांबणाऱ्याला पेठ सापडते, वाडा सापडत नाही. सीमा दहापट जवळ आणायच्या असतील तर पिल्लेही दहापट लागतात. उंदरीण तीन आठवड्यांत विते आणि पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात म्हणून हे शक्य होते. तरीही हजार पिल्ले म्हणजे पिंजरे, खाद्य, मनुष्यबळ आणि निदान दीड-दोन वर्षे.

मार्करांचा इतिहास मी एका दमात सांगतो, कारण आज तो अडथळा राहिलेला नाही. पूर्वी केसांचा रंग, शेपटीचा आकार आणि काही एन्झाइमांची रूपे एवढेच मार्कर होते आणि एका संकरात त्यांतले चार-पाच एकत्र पाहता आले तरी भाग्य. १९८०च्या दशकात स्प्रेटस या वेगळ्या जातीच्या उंदराशी संकर करण्याची पद्धत रूढ झाली आणि डीएनएतले फरक विपुल मिळू लागले. या संकरातले नर वांझ निघतात म्हणून बॅकक्रॉससाठी माद्याच वापराव्या लागतात. १९९६ पर्यंत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील एरिक लँडर यांच्या गटाने सात हजारांहून अधिक मार्करांचा नकाशा तयार केला. आज एका चिपवर दहा हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत एसएनपी, म्हणजे एकेका अक्षराचे फरक, एकाच वेळी वाचता येतात.

मार्कर मुबलक झाल्यामुळे मॅपिंगचे भवितव्य आता जवळजवळ पूर्णपणे लक्षण किती नेमकेपणाने मोजले यावर अवलंबून असते, आणि माझ्या अनुभवात फसलेली बहुतेक मॅपिंग इथेच फसतात. हजारातली पाच पिल्ले चुकीच्या गटात टाकली गेली तर त्या पाचही पिल्लांत खोटे छेद दिसतात आणि आखलेली सीमा खऱ्या जनुकाला बाहेर ठेवून मोकळी होते. म्हणून शेवटच्या सीमा ठरवणाऱ्या पिल्लांना पुन्हा प्रजननाला लावून त्यांच्या संततीवर लक्षण तपासल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. लक्षण आनुवंशिक भासूनही गुणसूत्रांवर नसू शकते, हेही ध्यानात ठेवावे. सी३एच स्ट्रेनच्या माद्यांना स्तनाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो. त्या माद्या आई म्हणून वापरल्या तर मुलींना रोग होतो, पण त्याच स्ट्रेनचे नर बाप म्हणून वापरले तर फारसा होत नाही. जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखवले की हा घटक आईच्या दुधातून जातो, आणि तो घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांतल्या स्तनकर्करोगावर आयुष्यभर जे काम केले त्याच्या केंद्रस्थानी आनुवंशिकता, संप्रेरके आणि हा विषाणू यांच्यातली हीच गुंतागुंत होती. त्यामुळे संकर नेहमी दोन्ही बाजूंनी करावा: एकदा ही स्ट्रेन आई म्हणून, एकदा ती.

रुग्णांना काय मिळाले या भागाकडे आता येतो, आणि लठ्ठपणाच्या उदाहरणावर जरा थांबतो, कारण या पद्धतीची सगळी ताकद आणि सगळ्या मर्यादा त्यात एकत्र दिसतात. १९४९ साली जॅक्सन लॅबोरेटरीत काही उंदीर सतत खाऊन बेसुमार लठ्ठ होताना आढळले. त्यांच्या जनुकाला ओबी हे नाव मिळाले. १९६६ मध्ये तिथेच लठ्ठ आणि मधुमेही अशी दुसरी उंदरे सापडली, ती डीबी. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडून पाहिले. डीबी उंदराला निरोगी उंदीर जोडला तर निरोगी उंदीर खाणे सोडून उपासमारीने मरे. डीबीला ओबी जोडला तर ओबी मरे. ओबीला निरोगी जोडला तर ओबीचे खाणे कमी होई आणि वजनवाढ मंदावे. कोलमन यांचा निष्कर्ष असा होता की रक्तात भूक आवरणारा एखादा घटक आहे, ओबी उंदीर तो तयार करू शकत नाही, आणि डीबी उंदराकडे तो भरपूर असूनही त्याच्यापर्यंत संदेश पोहोचत नाही. तर्क अचूक होता, पण घटक कोणता हे वर्षानुवर्षे रसायनशास्त्राच्या मार्गाने सापडेना. आज आपल्याला माहीत आहे की तो चरबीच्या पेशींतून येतो. त्या काळी चरबी म्हणजे निव्वळ साठवणीची ऊती मानली जात असल्याने तिथे शोधायचे मनात येणेही कठीण होते.

रॉकफेलर विद्यापीठातले जेफ्री फ्रीडमन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम मॅपिंगच्या मार्गाने हाती घेतले. ओबी उंदरांना स्वतःला पिल्ले होत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेला सोपा बॅकक्रॉस इथे शक्य नव्हता. दोषाचे एकच जनुक बाळगणारे, दिसायला निरोगी असे वाहक ओळखून त्यांचे आपसांत संकर करावे लागले आणि चारांत एक या प्रमाणात निघणाऱ्या लठ्ठ पिल्लांवर काम चालवावे लागले. डीबीए आणि कॅस्टेनियस अशा दोन वेगळ्या स्ट्रेनशी केलेल्या संकरांतून सोळाशेहून अधिक अर्धसूत्री विभाजने तपासली गेली, सहाव्या गुणसूत्रावरचा सुमारे साडेसहा लाख बेसजोड्यांचा पट्टा शिल्लक राहिला, आणि त्या पट्ट्यातली जनुके एकेक करून पाहताना फक्त चरबीच्या ऊतीत व्यक्त होणारे (सक्रिय असणारे) एक जनुक सापडले. ब्लॅक सिक्सच्या ओबी उंदरात त्याच्या १०५व्या कोडॉनवर (तीन अक्षरांच्या संकेतावर) अकाली विराम होता, म्हणजे प्रथिन अर्धवटच तयार होई. एवढ्यावर थांबले असते तर तो योगायोगही असू शकला असता. पण स्वतंत्रपणे उद्भवलेल्या दुसऱ्या ओबी वंशात हेच जनुक व्यक्तच होत नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झाले, त्या प्रथिनाला लेप्टिन हे नाव मिळाले, आणि पुढच्याच वर्षी लेप्टिनच्या इंजेक्शनांनी ओबी उंदरांचे वजन उतरते, डीबी उंदरांचे उतरत नाही, हे सिद्ध झाले. डीबी हे लेप्टिनचा संदेश पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनाचे जनुक निघाले. कोलमन यांचा तर्क शब्दशः खरा ठरला.

माणसातले हे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. १९९७ साली इंग्लंडमधल्या, मूळ पाकिस्तानी कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांत त्यातला दोष सापडला. ही मुले जन्मानंतर थोड्याच दिवसांत अतोनात लठ्ठ होऊ लागली होती, आणि पुढे लेप्टिनच्या उपचाराने अशा मुलांची भूक आणि वजन खरोखरच ताळ्यावर आले. मात्र औषधकंपन्यांनी ज्या आशेने या शोधाकडे पाहिले ती फोल ठरली. सर्वसामान्य लठ्ठ माणसात लेप्टिनची कमतरता नसते. चरबी जास्त म्हणून ते जास्तच असते आणि शरीर त्याला दाद देत नाही. मेट्रेलेप्टिन हे औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले ते शरीरात चरबीच नसण्याच्या दुर्मीळ विकारासाठी. मॅपिंगने लठ्ठपणाचे औषध दिले असे जे कुठे कुठे लिहिले जाते ते म्हणूनच बरोबर नाही. वजनाचे नियंत्रण करणारी एक संप्रेरक-यंत्रणा अस्तित्वात आहे हे तिने दाखवले, आणि भुकेला इच्छाशक्तीचा प्रश्न समजणाऱ्या वैद्यकाला ती मान्य करावी लागली.

दुसरे उदाहरण प्रतिकारशक्तीचे. काही जीवाणूंच्या आवरणातल्या एलपीएस या विषामुळे उंदीर शॉकने (रक्तदाब कोसळून) मरतात, पण सी३एच/एचईजे या उपस्ट्रेनच्या उंदरांवर त्याचा परिणाम होत नाही, हे १९६०च्या दशकापासून माहीत होते. गंमत अशी की विषाला दाद न देणारे हे उंदीर साल्मोनेलाच्या खऱ्या संसर्गाला मात्र चटकन बळी पडतात. म्हणजे धोक्याची सूचनाच त्यांना मिळत नसावी. जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे हे १९७०च्या दशकातच कळले होते, पण तिथून पुढे जायला ब्रूस बॉयटलर यांच्या डॅलसमधल्या गटाला पाच वर्षे आणि दोन हजारांहून अधिक अर्धसूत्री विभाजने लागली. १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की हे जनुक टीएलआर४ आहे: सी३एच/एचईजेमध्ये त्याच्या प्रथिनाच्या ७१२व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आले आहे, आणि एलपीएसला दाद न देणाऱ्या दुसऱ्या एका स्वतंत्र स्ट्रेनमध्ये हे जनुक संपूर्ण गळूनच गेले आहे. फळमाशीत टोल हे जनुक बुरशीपासून संरक्षण करते हे दोन वर्षांपूर्वी कळले होते आणि माणसात त्याच्यासारखी जनुके आहेत हेही, पण त्यांतले कोणते कशाची जाणीव करून देते हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते या मॅपिंगने सांगितले आणि बॉयटलर २०११च्या नोबेलचे एक मानकरी झाले. टीएलआर४ रोखणारे एरिटोरान हे औषध सेप्सिसच्या सुमारे २,००० रुग्णांवरील चाचणीत २०१३ साली अपयशी ठरले. उलट, एलपीएसपासून बनवलेला एमपीएल नावाचा सौम्य घटक आधीपासून प्रायोगिक लसींत वापरला जात होता. तो टीएलआर४मार्फत काम करतो हे आता कळले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एका लसीत, नागिणीच्या लसीत आणि मलेरियाच्या एका लसीत तो आज आहे.

भारतातल्या वाचकाला क्षयाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल, आणि सावधगिरीचा धडाही त्यातच आहे. पहिल्या गुणसूत्रावर लेशमॅनिया, साल्मोनेला आणि बीसीजीचा जंतू या तिघांच्या प्रतिकाराची जनुके तीन वेगवेगळ्या गटांनी तीन वेगवेगळ्या नावांनी नोंदवली होती. ती एकच आहेत असा संशय वाढत गेला, आणि १९९३ मध्ये माँट्रियलच्या फिलिप ग्रो व एमिल स्कामेने यांच्या गटाने एनरॅम्प१ हे जनुक शोधून काढले. मात्र घातक क्षयजंतूसमोर उंदरात हे जनुक निर्णायक नाही: त्याचे प्रतिकारक रूप असलेले डीबीए/२ उंदीर क्षयाने ब्लॅक सिक्सच्या आधी मरतात आणि ब्लॅक सिक्सकडे तर दुर्बल रूप आहे. घातक जंतूसाठी पहिल्याच गुणसूत्रावरचा एसएसटी१ हा दुसरा पट्टा इगोर क्रामनिक यांनी शोधला. त्या पट्ट्यातले आयपीआर१ हे जनुक कारणीभूत असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. ते दुर्बल उंदरांत व्यक्त होत नव्हते आणि बाहेरून घातल्यावर प्रतिकार सुधारत होता, म्हणजे पुरावा काही क्षुल्लक नव्हता. तरीही २०२१ मध्ये क्रिस्परने एसपी११० (आयपीआर१चेच दुसरे नाव) बंद केलेले उंदीर क्षयाला दुर्बल ठरले नाहीत, आणि शेजारचेच एसपी१४० बंद केल्यावर मात्र दुर्बलता हुबेहूब उतरली. मॅपिंगने पट्टा बरोबर दाखवला होता, त्यातल्या जनुकाची निवड चुकली होती. क्रिस्परचे खरे स्थान मला इथे दिसते: शोधाच्या सुरुवातीला नव्हे, शोधाच्या शेवटी, दोन शेजाऱ्यांपैकी दोषी कोण हे ठरवण्यासाठी. दरम्यान ज्या सी३एचईबी/एफईजे उंदरात हा पट्टा सापडला त्याच्या फुप्फुसात माणसासारख्या सडणाऱ्या गाठी होतात म्हणून क्षयाच्या नव्या औषधांची पारख करायला तो वापरला जातो, आणि जनुकाचे नाव बदलल्याने त्या उपयोगाला काही बाधा आली नाही.

एकाच दोषाचे परिणाम दोन रुग्णांत इतके वेगळे का, हा दवाखान्यात रोज पडणारा प्रश्नही मॅपिंगच्या कक्षेत येतो. मिन नावाच्या उंदरात एपीसी जनुकाचा दोष आहे. माणसात याच जनुकाच्या दोषाने मोठ्या आतड्यात शेकडो गाठी होतात. ब्लॅक सिक्सच्या पार्श्वभूमीवर या उंदराच्या आतड्यात साधारण तीस गाठी आढळतात, पण त्याचा संकर एकेआर स्ट्रेनशी केला की दोष तोच असूनही संततीत पाच-सहाच उरतात. हा फरक करणारा एक मुख्य घटक चौथ्या गुणसूत्रावर १९९३ साली सापडला. अशी बदलकारक जनुके माणसांच्या कुटुंबात शोधणे फार कठीण, कारण तिथे प्रत्येकाचा दोष, आहार आणि पार्श्वभूमी वेगळी असते.

मधुमेह, रक्तदाब, दमा यांसारख्या विकारांत एका जनुकाची गोष्ट नसते आणि तिथे मॅपिंग अवघड होत जाते. प्रत्येक जागेचा वाटा लहान, म्हणून आकडेशास्त्राची शिस्त कडक ठेवावी लागते: मानवी कुटुंबांत लक्षण आणि मार्कर यांच्या एका जोडीसाठी चालणारा ३चा लॉड अंक (सहलग्नतेच्या पुराव्याचे माप) उंदराच्या संपूर्ण जीनोमच्या शोधात अपुरा पडतो, एफ-२ संकरात (पहिल्या पिढीतल्यांच्या आपसांतल्या संकरात) तो ४.३च्या आसपास हवा, आणि स्वतःच्या आकड्यांची हजारदा अदलाबदल करून उंबरठा काढला तर उत्तमच. स्वयंप्रतिकारी मधुमेहाच्या एनओडी उंदरात तर एका मोठ्या परिणामाची वाटलेली जागा बारकाईने तपासल्यावर शेजारी शेजारी असलेल्या दोन-तीन लहान परिणामांत फुटते, असे पुन्हा पुन्हा घडले. यावर उपाय म्हणून कोलॅबोरेटिव्ह क्रॉस हा आठ स्ट्रेनच्या मिश्रणातून घडवलेला वंशसमूह उभा राहिला. वेगवेगळ्या उपजातींची जनुके एकत्र नांदेनात, त्यामुळे सुरू केलेल्या वंशांपैकी फार मोठा भाग वाटेतच खुंटला. पण जे उरले त्यांचे मोल मोठे आहे. इबोलाचा रक्तस्रावी ज्वर प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या उंदरात दिसतच नव्हता. २०१४ मध्ये या समूहाच्या संकरांत काही उंदीर पूर्ण प्रतिकारक, तर काहींना माणसासारखा रक्तस्राव, अशी सगळी श्रेणी एकाच विषाणूने दाखवली.

तुम्ही स्वतः काम सुरू करणार असाल तर आजचा व्यवहार्य मार्ग असा. एकाच जनुकाचे, ठसठशीत लक्षण असेल तर हजार पिल्लांचा विचार सोडा. चाळीस-पन्नास पिल्लांच्या बॅकक्रॉसवरून गुणसूत्राचा पट्टा ठरवा, दोषयुक्त उंदराचा जीनोम किंवा एक्झोम (जीनोममधला प्रथिने ठरवणारा भाग) वाचा, आणि मूळ स्ट्रेनमध्ये नसलेले पण त्या पट्ट्यात पडणारे फरक तेवढे पाहा; ते सहसा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. संकरासाठी स्ट्रेन निवडताना दुकानी नावावर जाऊ नका. ब्लॅक सिक्स म्हणून दोन मोठे वंश चालतात, जे आणि एन; ते १९५१ मध्ये वेगळे झाले. जेमध्ये एनएनटी जनुकाचा तुकडा गळालेला आहे, त्यामुळे इन्सुलिनच्या स्रावावर परिणाम होतो. एनमध्ये क्रब१ या जनुकाचा दोष आहे आणि तो दृष्टिपटल बिघडवतो. मधुमेहावर किंवा डोळ्यांवर काम करणाऱ्याने हे दोन वंश नकळत मिसळले तर त्याला जे जनुक सापडेल ते त्याच्या प्रश्नाचे नसेल. संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीकडे अर्ज करताना पिल्लांची संख्या छेदांच्या गणितावरून काढून दाखवा; अंदाजाने मागितलेल्या संख्येला समिती हरकत घेते आणि ते योग्यच आहे. आणि प्रत्येक पिल्लाची, विशेषतः ज्यांच्यात छेद सापडला त्यांची, प्लीहा उणे ८० अंशांवर गोठवून ठेवा, कारण शेपटीच्या टोकातला डीएनए शंभर मार्करांना पुरतो, पण तीन वर्षांनी संपूर्ण जीनोम वाचायची वेळ आली की पुरत नाही.